एकशे चाळीसांपैकी अडतीस

साहेबांनी फाइल इतक्या अलगद टेबलावर ठेवली, की कारखान्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना तिथेच शंका आली.

"'बारा आठवड्यांत नवे तुम्ही'चा अहवाल. सरासरी सहा किलो घट! तुम्ही नजर टाका आणि सही करा."

या कार्यक्रमाने सगळ्यांना वेड लावलं होतं. काय खायचं ते रोज सकाळी मोबाइलवर यायचं, पाठोपाठ चाळीस मिनिटांचा व्यायाम. बाईंच्या घरीही तोच उच्छाद. हिशेबखात्यात काम करणाऱ्या त्यांच्या थोरल्या नणंदेने सात किलो उतरवले होते आणि आता वन्सं भेटेल त्याला उपदेश पाजत सुटल्या होत्या.

बाईंनी फाइल उघडली. नावं नोंदवलेले एकशे चाळीस. शेवटी वजन केलेले अडतीस. सहा किलो फक्त त्यांचेच.

"बाकीचे एकशे दोन?"

"त्यांनी मध्येच सोडलं हो. सोडलेल्यांना कसं धरणार?"

"अहो, नापास झालेल्यांना वगळून शाळेचा निकाल शंभर टक्के लावाल का तुम्ही?"

साहेबांनी खांदे उडवले. बाईंनी वजनकाटा उचलला आणि स्वतःच खात्याखात्यांत फिरल्या. पाच दिवस लागले. आठ जण नोकरी सोडून गेले होते, चौऱ्याण्णव सापडले. बहुतेकांचं वजन वाढलेलंच होतं.

गोदामातल्या हमालाच्या गुडघ्याला पट्टा होता. "दिवसभर पोती उचलतो, बाई. घरी गेलं की मोबाइल म्हणतो, उड्या मारा. खायला दोन अंडी आणि काकडी. चौथ्या आठवड्यात पोत्यासकट खाली बसलो."

"कुणाला कळवलंत का?"

"मोबाइललाच. पण त्यात 'दुखतंय' असं दाबायला जागाच नाही. 'मस्त' नाही तर 'जबरदस्त'."

तो हसला. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

सगळे धरून सरासरी निघाली नऊशे ग्रॅम.

"नऊशे ग्रॅम?" साहेब ओरडले. "तेवढं तर पाणी कमी प्यायलं तरी उतरतं!"

"मी दुसरं काय म्हणतेय?"

"बरं, मग हे शेवटच्या पानावर टाका."

"पहिल्या ओळीत राहील. नाहीतर सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

सही हवीच होती, त्यामुळे साहेबांनी तोंड वाकडं करून अहवाल तसाच वर धाडला. आठवड्याभरात हुकूम आला: ओझी उचलणाऱ्यांना हा कार्यक्रम बंद, बाकीच्यांनी मर्जीने करावा.

त्या संध्याकाळी वन्सं तणतणत घरात शिरल्या. "माझ्या सात किलोंवर पाणी फिरवलंस!"

"वन्सं, तुमचे सात किलो खरेच आहेत. बसून काम करणाऱ्या काहींना फायदा झाला, तेही लिहिलंय. पण गोदामात एकाचा गुडघा गेला, त्याचं काय?"

"कोण? तो उंच, हसरा?" वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, तो सोडतो म्हणत होता. मीच त्याला तीनदा दटावलं, मन लावून कर म्हणून."

आठवडाभर साठलेलं सगळं बाईंच्या ओठांवर आलं होतं. वन्संचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं आणि त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. पलीकडे हमाल होता, आवाज दबका.

"बाई, तुमच्या वन्सं इथे गोदामात आल्यात. माफी मागितली, रडल्यासुद्धा. सगळं ठीक झालं. पण आता मला गुडघ्याचे व्यायाम शिकवतायत. जरा येऊन आवरा हो त्यांना!"