चिमीचा आवाज

दादा म्हणजे नुसते चिमीचे दादा नव्हते. ऑफिसच्या शिपायापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचेच दादा. बारा सिनेमे काढले, पाच थिएटरं उभी केली, एक टीव्ही चॅनेल चालवलं, आणि वर पाण्याच्या घसरगुंड्यांचं एक पार्क. माणसाने एका जन्मात किती उचापती कराव्यात! पण त्या दिवशी भाची, चिमीची मुलगी, ऑफिसात आली, एवढीशी गोष्ट मागितली, आणि तीच नेमकी दादांकडे निघेना.

"मामा, आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग हवंय," ती बसता बसता म्हणाली. "वीस मिनिटं पुरे."

चिमीच्या घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती वहीत लिहून बोलायची. डॉक्टरांनी एका यंत्राचं सांगितलं होतं. जुना आवाज ऐकवला की ते तो शिकून घेतं, मग माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं.

"हात्तिच्या! एवढंच ना?" दादा म्हणाले. "चार सिनेमांची हिरॉईन आहे तुझी आई. वीस मिनिटं काय घेऊन बसलीस?"

"मामा, त्या चारही सिनेमांत आईचा आवाज नाहीये."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. विसरले होते असं नाही. पंचेचाळीस वर्षं ती गोष्ट इतक्या लोकांना विनोद म्हणून सांगितली होती, की तिच्यात आपली बहीण आहे हेच निसटून गेलं होतं.

"मोबाइलवर तरी काही असेल?"

"कोणी रेकॉर्डिंग सुरू केलं की आई उठून आत जायची. माझ्या लग्नाच्या अख्ख्या व्हिडिओत ती नुसती हसतेय." ती का उठून जायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्या सिनेमाच्या वेळी दादा सत्तावीसचे, चिमी एकोणीसची. नावाजलेली हिरॉईन परवडेना म्हणून बहिणीला उभी केली, आणि पोरीने काम असं केलं की शॉट संपला तरी कॅमेरामन कॅमेरा बंद करायला विसरला. आवाज तेवढा जरा घोगरा. सिनेमा थिएटरांपर्यंत पोचवणाऱ्या वितरकाने तो पाहिला आणि म्हणाला, "ही हिरॉईन आहे का हवालदार?" खोलीतले सगळे हसले. दादाही हसले. अरे, तुझी सख्खी बहीण ना ती? त्याची कॉलर धरायची सोडून हसतोस काय!

वितरकाची अट एकच, आवाज बदला. महिनाभरात दुसऱ्या बाईंकडून सगळे संवाद बोलून घेतले. चिमीला सांगायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे दादांचं म्हणणं हं. रोज एका टेबलाशी जेवणाऱ्या माणसाला सांगायचं राहतं कसं? ती रडेल, अडून बसेल, याची भीती होती, दुसरं काही नाही. पहिल्या खेळाला ती नवे कपडे घालून आईशेजारी बसली. पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि भलतीच बाई बोलायला लागली. "अगंबाई, हे कोण बोलतंय?" आई म्हणाली. चिमी खेळ संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसली. पुढचे तीन सिनेमेही तिने मुकाट्याने केले, त्याच बाईंच्या आवाजात. मग लग्न करून गेली. तिची काही तक्रार नसावी, असा दादांनी अर्थ लावला. सोयीचा अर्थ लावण्यात निर्मात्यांचा हात कोण धरणार!

शूटिंग चालू असताना नटांचा खरा आवाज टेपवर घेतात, त्याला पायलट म्हणतात. डबिंग करणारा तो ऐकत ऐकत स्वतःचा आवाज त्यावर चढवतो. त्या टेपा कुठेतरी असणारच, या आशेवर दादांनी तीन दिवस स्वतः गोदामात काढले. बहात्तराव्या वर्षी शिडीवर चढले, डबे उघडले, लेबलं वाचली, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले. टेपा होत्या ढीगभर, पण प्रत्येकीवर नंतरच्याच कुठल्या तरी सिनेमाचं नाव. शेवटी ते जुन्या रेकॉर्डिस्टच्या घरी गेले. त्याला सगळे 'कानसेन' म्हणायचे. आता त्याच्या दोन्ही कानांत मशिनं होती.

"दादा, हुकूम तुमचाच होता की," कानसेन म्हणाला. "डबिंग झालं की पायलट पुसायचा आणि टेप पुढच्या सिनेमाला वापरायची. भिंतीवर कागद लावला होता, खाली तुमची सही."

दादांना आठवलं. होतकरू उद्योजकांपुढे भाषणं देताना ते छाती फुगवून सांगायचे, मी टेपसुद्धा कधी वाया घालवली नाही म्हणून. दर वेळी टाळ्या पडायच्या.

"आता चिमीताईंचा आवाज उरला असेल तर एकाच ठिकाणी," कानसेन म्हणाला. "आवाजवाल्या बाईंच्या कानात. जाऊन बघा."

आवाजवाल्या बाई म्हणजे चिमीच्या जागी बोललेल्या त्याच. चार सिनेमे बोलल्या, पण नाव एकाही सिनेमाच्या श्रेयनामावलीत नाही. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दादा धापा टाकत पोचले तेव्हा त्या टेबलाशी बसून अंध वाचकांसाठी एक पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होत्या.

"या. वाट सापडली म्हणायची एकदाची," त्या म्हणाल्या. दादांनी आल्याचं कारण सांगितलं. बाईंनी पुस्तक मिटलं.

"पहिल्या सिनेमाला अकरा दिवस मी हेडफोनमधून तिलाच ऐकत होते. तिचा श्वास कुठे तुटतो, हसू कुठे दाबते, सगळं आधी तिच्यासारखं म्हणून बघायचे, मग माझ्या आवाजात. त्याशिवाय ओठ जुळतात होय?" त्यांनी घसा खाकरला, मान किंचित वाकडी केली आणि म्हणाल्या, "थांब ना जरा, एवढी कसली घाई?"

दादा मटकन खुर्चीत बसले. चिमीच होती ती, एकोणीस वर्षांची. घोगरा होता आवाज, होताच. पण काय माया होती त्यात! असं वाटत होतं की शेजारी बसून कोणी आपल्याशीच बोलतंय. हा आवाज आपण पुसला? ह्याला हवालदार म्हणून हसलो? बाईंसमोरच दादा ढसाढसा रडले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"चला बाई," थोड्या वेळाने दादा म्हणाले. "गाडी खाली उभी आहे."

चिमी गळ्याला रुमाल गुंडाळून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दादांच्या मागे कोण आलंय ते तिला कळेना. बाई तिच्यासमोर बसल्या आणि तिच्याच आवाजात म्हणाल्या, "ओळखलंस का गं मला?"

चिमीचे हात थांबले. तिचे खांदे हलायला लागले, हसतेय की रडतेय ते समजेना. भाची धावत आतून आली. "आई! अगं, हा तर तुझा आवाज!"

झालं! दादांमधला निर्माता जागा झाला. "ठरलं! उद्यापासून स्टुडिओ आपलाच. बाई वीस मिनिटं बोलतील, यंत्र शिकेल, आठवड्याभरात चिमी बोलायला लागेल! बाई, मानधनाची काळजी करू नका."

चिमीने वही ओढली. बराच वेळ लिहीत होती. मग तिने वही दादांना न देता बाईंपुढे सरकवली आणि स्वतःकडे बोट केलं. माझ्या आवाजात वाच. बाईंनी वाचलं.

"दादा, तेव्हा विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. माझा आवाज मलाही कुठे आवडायचा? तुझा सिनेमा चालायला हवा, एवढंच मला कळत होतं. पण तू विचारलं नाहीस. आजही नाही विचारलंस. मलाही नाही, बाईंनाही नाही."

वाचून झालं तरी दादा उभेच होते. मग ते बाईंकडे वळले. "बाई, तुमची हरकत आहे का?"

"ती म्हणेल तसं," बाई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

दादांनी खुर्ची ओढली आणि बहिणीसमोर बसले. "चिमे, चुकलो गं मी. फार चुकलो. हे यंत्राचं... बाईंच्या आवाजातून तुझा आवाज. चालेल का तुला?"

चिमी त्यांच्याकडे बघत राहिली. एकदा तिने बाईंकडे पाहिलं. मग दादांच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

"अगं पण आई, असं काय करतेस!" भाची रडकुंडीला आली. "मामा, तू तरी समजाव ना तिला."

"राहू दे," दादा म्हणाले. "ती नाही म्हणाली."