किटलीतला चौथा हिस्सा

क्लिफर्ड ऑल्डरसनला मिळालेच असते, तर सोळाशे पौंड मिळाले असते. चार अनोळखी माणसांनी बरोबर उत्तरं देत किटली भरायची, शेवटच्या प्रश्नाला ती उकळली तर आतल्या रकमेचे चार सारखे हिस्से, आणि नाही उकळली तर सगळी रक्कम चॅनेलच्या तिजोरीत परत, असा त्या ‘किटली’ नावाच्या कार्यक्रमाचा कायदा. हिस्सा कधी नऊशेचा पडायचा, कधी दोन हजारांचा. त्या कार्यक्रमाने कुणाचं घर बांधून दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि तरी, खरं तर म्हणूनच, संध्याकाळी सव्वापाचला आमच्या क्लबातल्या टीव्हीसमोर खुर्ची मिळायची नाही. दहा लाख पौंडांचं काय करायचं हे आमच्या गावात कुणालाच माहीत नाही. ट्रेव्हर खाटकाला एकदा विचारलं, तर तो बिचारा घाबरलाच. सोळाशेचं मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. एकाला पन्हळ बदलायची असते, एकाला कवळी, एकीला नवऱ्याच्या थडग्यावर बरा दगड. मोठी रक्कम दुसऱ्याच्या नशिबाची असते. ही एवढीशी रक्कम आपल्याच खिशातून कुठेतरी पडली आहे आणि कुणीतरी भला माणूस ती आणून देणार आहे, असं वाटत राहतं. त्या वाटण्यावर आमचं गाव जगतं. गाव तसं समुद्रकाठचं, पण समुद्रसुद्धा दिवसातून दोनदा आम्हाला चिखलात सोडून निघून जातो.

त्या क्लबाचा मी खजिनदार. उन्हाळ्यात मागच्या हिरवळीवर आम्ही गोळे गडगडवतो आणि हिवाळ्यात आत बसून टीव्हीवरच्या लोकांना मूर्ख म्हणतो. ओरडून दिलेल्या उत्तरांना पैसे मिळत असते तर क्लबाचं छप्पर केव्हाच नवं झालं असतं.

आमच्यातला कुणीतरी खरंच तिथे जाईल असं वाटलं नव्हतं, आणि जाईल तो क्लिफ असेल असं तर मुळीच नाही. क्लिफ पाणीखात्यातून निवृत्त झालेला. गाडी लावायला बंदी असलेल्या पिवळ्या रेघेवर त्याने आयुष्यात गाडी उभी केली नाही. पोस्टाचं दार एखाद्या म्हातारीसाठी उघडून धरायचा, मागून आणखी पाच जण घुसायचे, आणि हा दार धरूनच उभा. पेन्शनच्या रांगेत सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी घरी जाणारा मी पाहिलेला हा एकच माणूस.

फॉर्म भरला होता त्याच्या बायकोने, डोरीनने. तिची मोठी बहीण हिल्डा लग्न करून ऑस्ट्रेलियात पर्थला गेली ती तिकडेच राहिली. आता तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, ख्रिसमसपर्यंत काढेल. डोरीनला एकदा तिला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि एकटीने विमानात बसायची तिची छाती नव्हती. साठवलेलं होतं ते घराच्या छपराने खाल्लेलं. दोघांची तिकिटं सोळाशेच्या घरात जात होती. आता कळलं असेल मी तोच आकडा का धरून बसलोय.

फेब्रुवारीत क्लिफ मँचेस्टरला जाऊन कार्यक्रम करून आला. येताना किटलीच्या आकाराचा एक कप घेऊन आला. क्लबात त्याला कुणी धड बसूही दिलं नाही.

“काय रे, किती उकळली?” ट्रेव्हरने विचारलं.

“सांगता येत नाही,” क्लिफ म्हणाला. “टीव्हीवर दाखवेपर्यंत बोलायचं नाही, अशी सही घेतात.”

“अरे आम्हाला सांग की! आम्ही काय वर्तमानपत्र आहोत?”

“सही केलीय रे.” आणि तो हसला.

हे त्याचं हसणं फार महागात पडलं. क्लिफ पूर्वीही असाच हसायचा, गोळा चुकीच्या बाजूला गेला तरी, कुणी पायावर पाय दिला तरी. पण त्या दिवशी ते हसू सगळ्यांनी बँकेत टाकण्याजोगं मानलं. तो बाहेर पडल्याबरोबर ट्रेव्हरने निकाल दिला, “जिंकलाय. बोललास तर पैसे देणार नाही, ही अट कुणाला लागू? ज्याला पैसे मिळायचेत त्याला. हरलेला कशाला तोंड शिवून बसेल?”

तर्क बिनचूक होता. फक्त त्यात क्लिफ धरलेला नव्हता.

त्यानंतर क्लिफला बिअर फुकट सुरू झाली. “घे रे, तुझी पाळी चेक आल्यावर,” असं म्हणत लोक ग्लास पुढे सरकवायचे आणि तो दर वेळी “अरे नको, नको” म्हणत घ्यायचा. सगळ्यांत जास्त मात्र डोरीन बदलली. ती केस रंगवून आली. चाळीस वर्षं ज्या नवऱ्याला “अरे, चष्मा डोक्यावर आहे तुझ्या” यापलीकडे काही म्हणाली नव्हती, त्याच्या बाहीला धरून चालायला लागली. क्लिफला हे आवडत होतं. कुणाला आवडणार नाही?

मार्चमध्ये ट्रेव्हरने त्यांच्या कॅरॅव्हॅनचा विषय काढला. दारापुढे उभी असायची ती, चाकांवरची खोली. उन्हाळ्यात दोघं तिला गाडीमागे ओढत तळ्यांच्या प्रदेशात जायची. ट्रेव्हर एकोणीसशे द्यायला तयार होता. डोरीन क्लबात चहाच्या खिडकीपाशी क्लिफला गाठून म्हणाली,

“मी काय म्हणते, विकू या का ती?”

मी आतल्या बाजूला कप विसळत होतो. क्लिफ माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो.

“तुला आवडते ना ती,” तो म्हणाला.

“आवडते. म्हणून तर विचारतेय. हे बघ क्लिफ, मी तुला त्या कार्यक्रमाचं काही विचारत नाहीये. तुझी सही तुझ्यापाशी. मी फक्त कॅरॅव्हॅनचं विचारतेय. विकू, की ठेवू?”

बायकोने नवऱ्यासाठी इतकं रुंद दार उघडून धरलेलं मी पाहिलेलं नाही. त्याने नुसतं ‘वीक’ म्हणायचं होतं. ना सही मोडत होती, ना कुणी विचारणार होतं. क्लिफने चहात साखर घातली. तो साखर घेत नाही.

“घाई कशाला?” तो म्हणाला. “बघू या.”

डोरीनचा चेहरा असा उजळला की मी कप ठेवून दुसरीकडे बघितलं. “कळलं हं,” ती म्हणाली आणि त्याच्या गालावर टिचकी मारली. “काही बोलू नकोस. कळलं मला.” जाताजाता तिने ट्रेव्हरला सांगून टाकलं, “नाही विकायची. गरज नाही आता.”

कार्यक्रम जूनमध्ये दाखवायचा होता. जूनमध्ये फुटबॉल निघालं, आणि ‘किटली’ पुढे ढकलली. जुलैत हिल्डाला इस्पितळात हलवलं. मी डोरीनला म्हणालो, “क्लबाच्या छपराच्या फंडातून घेऊन जा. नंतर भर.”

“उसने कशाला, आपले स्वतःचे यायचे असताना?” ती म्हणाली. “आम्ही दोघांनी जन्मात कुणाचे घेतले नाहीत. आणि ख्रिसमसपर्यंत वेळ आहे म्हणालेत ना डॉक्टर.” मग हळूच, “सप्टेंबरात दाखवतील म्हणे. मी हिल्डाला फोनवर सांगितलंय, पोराला नवी पांघरुणं काढून ठेवायला सांग.”

क्लिफ त्या वेळी हिरवळीवर होता. त्याने त्या उन्हाळ्यात इतके वाईट गोळे टाकले की आम्हाला वाटलं श्रीमंती मानवली नाही.

ऑगस्टच्या शेवटी हिल्डा गेली. भाच्याचा फोन आला. डॉक्टरांचा ख्रिसमस चार महिने आधीच संपला.

आता तरी तो सांगेल, असं एखाद्याला वाटेल. पण हिशोब त्याच्या बाजूने मांडून पाहा. मार्चमध्ये सांगितलं असतं तर एक निराशा. ऑगस्टमध्ये सांगायचं म्हणजे मार्चपासूनचं सगळं सांगायचं. दर आठवड्याला रक्कम वाढत गेली होती, आणि ती आता त्या माणसाच्या ऐपतीबाहेरची झाली होती. डोरीन काळ्या कोटात क्लबात आली, तेव्हा तीच त्याला समजावत होती, “तू काय करणार रे? दाखवतील तेव्हा दाखवतील. पैसे आले की जाऊ, आणि ती कुठे पुरलीय ते बघून येऊ.” क्लिफने मान हलवली. हसला नाही, एवढं मी बघितलं.

नोव्हेंबरमध्ये एकदाची तारीख लागली. क्लबात लग्नाला जमावी तशी माणसं. अंड्याची सँडविचं, ट्रेव्हरकडून डुकराच्या मांसाचं भलंमोठं पॅटिस, मुलांसाठी जेली. डोरीन पहिल्या रांगेत मधोमध. क्लिफ दाराजवळ उभा. “इकडे ये की हिरो,” लोक ओरडले. “इथून दिसतंय,” तो म्हणाला.

पडद्यावर क्लिफ आला तो अंत्ययात्रेला घालायच्या टायमध्ये. क्लब हसून लोटपोट. निवेदकाने नेहमीचा प्रश्न टाकला, जिंकलात तर काय कराल? त्याचं उत्तर छोटं आणि आनंदी द्यायचं असतं. गॅसचं बिल वगैरे कुणी म्हणत नाही.

“बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचंय,” पडद्यावरचा क्लिफ म्हणाला. “ऑस्ट्रेलियाला.” स्टुडिओतले लोक ‘आऽऽ’ करून विरघळले. फेब्रुवारीत हिल्डा जिवंत होती. क्लबात कुणी ‘आ’ केलं नाही.

खेळ बरा झाला. क्लिफने चांगली भर घातली. त्याच्या शेजारी एक विशीतली मुलगी होती, नर्सिंग शिकणारी. तिच्या वाट्याला आलेले प्रश्न सगळे चुकले आणि तिचे डोळे भरून आलेले सगळ्या देशाने बघितले. शेवटी किटलीत सहा हजार चारशे. चिठ्ठी टाकून कप्तान निवडला, तो निघाला क्लिफ. शेवटचा प्रश्न एकच, आणि उत्तर कप्तानाने स्वतः द्यायचं किंवा तिघांपैकी एकाला द्यायला सांगायचं.

“इंग्लंडमधलं सगळ्यांत खोल तळं कोणतं?”

“वॉस्टवॉटर,” डोरीन म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली. लग्न झाल्यावर दोघं तिथेच गेली होती. आठवडाभर पाऊस, आणि पाणीखात्यातला नवरा बायकोला तळ्याची खोली समजावून सांगतोय. हे आम्ही सगळ्यांनी तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. मग अख्खा क्लब ओरडला, “वॉस्टवॉटर! वॉस्टवॉटर! बोल की क्लिफ!”

पडद्यावर त्याचे ओठ हललेसुद्धा. तो ते जाणत होता, त्यात शंका घ्यायला जागाच नाही. मग त्याने शेजारी बघितलं.

“या मुलीला आत्तापर्यंत नीट संधीच मिळाली नाही,” तो म्हणाला. “तिलाच द्या. सोपा आहे.”

“अरे गाढवा!” ट्रेव्हर उभाच राहिला.

मुलीने क्लिफकडे बघितलं, निवेदकाकडे बघितलं. “विंडरमियर?” ती म्हणाली. सगळे तेच म्हणतात. ते सगळ्यांत मोठं आहे.

पडद्यावरच्या किटलीची वाफ फुस्स करून बसली. क्लिफने मुलीच्या खांद्यावर थोपटलं, “काही हरकत नाही, पोरी,” आणि स्टुडिओतल्या लोकांनी त्याच्यासाठी सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या हातात कप देण्यात आला.

आमच्याकडे जेली खाणारी मुलंसुद्धा थांबली होती. कुणीतरी टीव्ही बंद केला. डोरीन उठली, कोट घातला, एकेक बटण लावलं. आम्ही वाट करून दिली. ती दाराजवळ क्लिफपाशी थांबली.

“फेब्रुवारीपासून?”

“सही केली होती, डोरीन.”

“सांगितलं असतंस तर काय नेणार होते रे ते तुझं? तो कप?”

“तू इतकी खूश होतीस,” तो म्हणाला.

“मी तुला कॅरॅव्हॅनचं विचारलं होतं,” ती म्हणाली. “नुसतं कॅरॅव्हॅनचं.”

तिने बाहेर बघितलं. सवयीने त्याने दार उघडून धरलं. ती गेली. तिच्यामागे पर्स-किल्ल्या सावरत आणखी दोघी-तिघी गेल्या, मग ट्रेव्हर, मग जेली खाऊन झालेली मुलं. क्लिफ दार धरून उभा होता आणि आत वारा येत होता.

ख्रिसमसला त्या मुलीचं कार्ड आलं, इतका सभ्य माणूस पाहिला नाही म्हणून. ती परीक्षा पास झाली होती. क्लिफने ते शेकोटीवरच्या फळीवर ठेवलं, डोरीनने ते पडलं तेव्हा उचललं नाही. ती अजून सव्वापाचला क्लबात येते, भिंतीकडेच्या खुर्चीत बसते. उत्तर देत नाही.

तर जमाखर्च असा. चॅनेलचं गेलं काही नाही. सहा हजार चारशे त्यांच्या तिजोरीत परत गेले, क्लिफला दिलेलं रेल्वेचं भाडं आणि कप तेवढा खर्ची पडला. त्या मुलीचं काही गेलं नाही. क्लबाची गेली बिअर, आणि ती आम्ही हसत सोडली. ट्रेव्हरला कॅरॅव्हॅन अखेर अकराशेला मिळाली, कारण एक उन्हाळा न हलता उभी राहून तिच्यात ओल शिरली होती. तो आठशेने फायद्यात. क्लिफने सही पाळली आणि आठ-नऊ महिने बायकोने बाहीला धरून चालणं कमावलं. उरलेलं सगळं डोरीनने भरलं.