बारा जणींचे पान

सत्तावन सालच्या आषाढात उमरखेडला तापाची साथ आली, तेव्हा मोहिउद्दीनचाचांच्या विडी कारखान्यात मी मुनशी होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब पडवी. तीत बारा बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. भिंतीवर सरकारने हजार विड्यांमागे ठरवलेल्या किमान मजुरीचा कागद होता, आणि त्यावरची तंबाखूची धूळ चाचा स्वतःच्या उपरण्याने पुसत.

टेंभुर्णीचे पान आदल्या संध्याकाळी भिजवावे लागते. सकाळी ते मऊ होते, कातरीखाली सरळ येते. पण भिजलेले पान वाट पाहत नाही. त्या दिवशी वळले नाही तर त्यावर काळे डाग धरतात. म्हणून उद्या जितके हात, तितकेच पान.

साथीत चाचांनी हा नियम सोडला. पहिल्या आठवड्यात तिघी आजारी पडल्या, दुसऱ्यात आणखी दोघी. तरी ते रोज दिवेलागणीला बारा जणींचे पान भिजवीत. उरलेले दुसऱ्या दिवशी मी परसात नेऊन टाकी. उन्हाळ्यात पानांनी भरलेली कोठी आतून पोकळ होत चालली होती. ती संपली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवे पान नाही; मग ज्या धडधाकट होत्या, त्यांचेही काम बुडणार. हे बोलायचे मी रोज ठरवी, आणि चाचांच्या ओल्या हातांकडे पाहून उद्यावर ढकली.

एकदा कसाबसा म्हणालो, "चाचा, सातच जणी येतात."

"मले गिनती येते, देवराव," पाण्यातून हात न काढता ते म्हणाले.

मग त्यांनाच ताप भरला. घरून निरोप आला, पान तू भिजव. किती, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. मी सात जणींचे भिजवले, आणि बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

सकाळी आजारी पाचांतली रुपीबाई आली. तिचा बंजारा तांडा दीड कोस दूर. ती भिंत धरत धरत पडवीत शिरली. कानांवरच्या चांदीच्या घुगऱ्या गालांच्या हाडांवर लोंबत होत्या. आपल्या जागी बसून तिने सूप मांडीवर घेतले.

"आन पान."

"आज सात जणींचंच भिजवलं, रुपीबाई."

"काहून? मी मेली समजला काय, मुनशी?"

"आम्ही तं रडून बी घेतलं," शेजारची हुस्नाबी म्हणाली. "आता ते आसू वापस दे."

रुपीबाई हसली नाही. "तांड्यात तिघं गेले. आपल्यातली बसंतीबाई बी गेली. मले उठता आलं, तं म्हटलं, माह्यं पान तिथं भिजून असन."

माझी नजर त्या रिकाम्या सुपावरून हलेना. हुस्नाबीने आपल्या पानातली एक मूठ त्यात टाकली. मग लालीबाईने. मग बाकीच्यांनी. त्या दिवशी आठांपैकी एकीच्याही हजार विड्या भरल्या नाहीत; भिंतीवरच्या कागदातली मजुरी कोणालाच पडली नाही.

संध्याकाळी मी चाचांच्या खाटेपाशी उभा राहिलो.

"किती आल्या?"

"आठ."

"पान?"

"सात."

ते कोपरावर रेलून उठले. मग म्हणाले, "आज मजुरीत ज्याचं जे कमी पडलं, ते माह्याकडून दे. आन कोठी संपली तं पानवाल्या शेठच्या पायरीवर मी जाऊन बसीन. तो माहा धंदा. तुहा धंदा पान भिजवाचा."

परत येऊन मी बारा जणींच्या पानांचे पुडे मोजले. बसंतीबाईच्या वाट्याशी हात थांबला. थोड्या वेळाने तोही वाटा मी पाण्यात सोडला. सकाळी तो तिच्याच तांड्यातल्या रुपीबाईच्या सुपात, तिच्या पानांवर गेला.

कोठी माघातच संपली. चाचा तीन दिवस शेठच्या पायरीवर बसून आले. त्यांच्यामागे आलेल्या बैलगाडीत जुने, कडा तुटलेले पान होते. आम्ही ते भिजवले. तोवर उरलेल्या अकराही जणी परतल्या होत्या.