सरांच्या शालींची गोधडी

"अजून एक! मेलीला पांघरावं तर ऊब न्हाई, पुसायला घ्यावी तर पाणी शोषत न्हाई. कुठं कोंबू हिला?"

ही कुरकुर माझ्याबद्दल होती, आणि ती करणाऱ्या बाईचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. ट्रंकेचं झाकण डोक्यावर तोलून ती मला दोन्ही हातांनी आत दाबत होती. मला राग आला, पण तिचं चुकलं असं काही म्हणता येईना.

मित्रांनो, मी एक जुनी सत्काराची शाल आहे. आता मला शाल म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, पण ते पुढे येईल. माझ्यात लोकरीचा एकही धागा नाही, हे आधीच सांगून टाकते. रंग किरमिजी, काठ सोनेरी, अंग निसरडं. जालन्याच्या बाजारात एका दुकानात आम्ही बहिणी पारदर्शक पिशव्यांत, नारळाच्या पोत्याशेजारी बसून असायचो. तिथून मला एका पुढाऱ्यासाठी नेलं. पुढाऱ्याने मला परतूरच्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या खांद्यावर टाकलं. हेडमास्तरांनी भाच्याच्या साखरपुड्यात व्याह्यांना दिलं. पिशवी तीच, घडी तीच. प्रत्येक ठिकाणी माझ्यासमोर भाषणं झाली. स्तुती मी इतकी ऐकली आहे, की त्यातली खोटी कुठली ते मला पहिल्या वाक्यालाच कळतं.

फिरत फिरत मी सोमेश्वर सरांच्या खांद्यावर आले. सर जालन्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पण त्यांचं नाव झालं होतं ते गोधड्यांमुळे. पांघरायच्या गोधड्या नव्हेत, भिंतीवर लावायच्या, चित्रासारख्या. त्या दिवशी माईकवरून सांगितलं गेलं, "सरांच्या बोटांत जादू आहे." समोर, पहिल्या रांगेच्या कडेला, एक बाई सरांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला सुईने भोकं पाडून पाडून घट्टा झाला होता. सरांची बोटं मी जवळून पाहिली. मऊ होती.

ती बाई म्हणजे दैवशालाबाई, सरांच्या घरच्या.

परतताना एसटीची खिडकी लागत नव्हती. जानेवारीचं वारं. बाईंनी पदर कानावरून घेतला, मग पिशवीतून मला काढलं.

सर म्हणाले, "राहू दे ना, घडी मोडंल. कुणाला द्यायला होईल."

बाईंनी मला परत आत ठेवलं आणि हात काखेत घालून बसल्या. मित्रांनो, माझी ऊब फार नाही, पण जेवढी आहे तेवढी मी त्या दिवशी द्यायला तयार होते. त्या घडीत मी जो दात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन बाईंनी मला कुरकुरत ट्रंकेत कोंबलं. तिथे आधीच्या शाली होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. बाई मूळच्या वाटूरच्या. त्यांना चित्र काढायला कोणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर एमआयडीसीच्या बाजूला घर मिळालं. समोरच्या लोखंडाच्या मिलच्या उघड्या दारातून तापलेल्या लाल सळ्या सरपटत जाताना दिसायच्या. बाईंनी जुने काळे परकर फाडले, नारिंगी लुगड्याच्या पट्ट्या कापल्या, आणि त्या सळ्या गोधडीवर सोडल्या. धुऊन दोरीवर वाळत घातली. संभाजीनगरहून सरांकडे आलेले एक गृहस्थ ती बघून अंगणातच थांबले.

"सर, हे तुमचं काम?"

सर हसले. "आमचंच की."

चहाचा ट्रे घेऊन बाई दारात उभ्या होत्या. पाहुण्यांसमोर नवऱ्याला कसं खोडायचं? त्यांना वाटलं, चहा झाल्यावर सर स्वतःच सांगतील. चहा झाला. मग वाटलं, पुढच्या खेपेला सांगतील. पुढच्या खेपेला गृहस्थ गोधडी घेऊन गेले आणि तिकडच्या प्रदर्शनात तिच्याखाली सरांच्या नावाची पाटी लागली. मग शेताची गोधडी, बाजाराची गोधडी, सुकलेल्या तलावाची गोधडी. प्रत्येक गोधडीमागे सरांना एक शाल, आणि बाईंना ट्रंकेत जागा करायचं काम.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. शिंप्याकडून चिंध्यांची गाठोडी सायकलवर बांधून तेच आणत. बाईंचा चष्मा त्यांनीच हट्टाने करून आणला. फक्त एक वाक्य तेवढं त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शिकवणीही सुरू झाली. आजूबाजूच्या बाया यायच्या. सर रेषा आणि अवकाश यावर बोलायचे. ते बोलून गेले की धावड्याकडच्या गोजरमावशी तोंडातला पानाचा चोथा एका बाजूला करून दैवशालाबाईंना म्हणायच्या, "सर लई ग्वाड बोलतेत. हां बाई, आता ह्यो दोरा कुठून काढू ते सांग." सगळ्या हसायच्या. त्या हसण्यात सगळं होतं. पण बोललं कोणीच नाही. दीपमाला नावाची जिल्हा परिषद शाळेतली तरुण शिक्षिका शिकायला यायची. तीही एकदा बोलता बोलता थांबली आणि सुईत दोरा ओवू लागली.

मग जालन्यात गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं. निमंत्रणपत्रिका घरी आली. वर सरांचा फोटो. खाली बारीक अक्षरात, "आभार : घरची मंडळी."

बाईंनी ती वाचली, चुलीवरचं दूध उतरवलं, ट्रंक ओढून अंगणात आणली आणि मोठी कात्री घेतली.

गोजरमावशी धावत आल्या. "अगं बाई! सरांच्या हायेत ना या?"

"सरांच्याच हायेत. म्हणून तर कापून राह्यले."

कात्री लागली तेव्हा दुखलं. खोटं कशाला सांगू? पण माझी ती जन्माची घडी मोडली आणि मी पहिल्यांदा मोकळी पसरले. बाईंच्या हाताला मी म्हटलं, काप, हवी तशी काप.

आमच्या सगळ्यांची मिळून एक गोधडी झाली. सोनेरी काठांची उंच खुर्ची. खुर्चीवर पांढऱ्या मांजरपाटाचा झब्बा, ताठ बसलेला, गळ्यापर्यंत शालींनी झाकलेला. आणि झब्ब्याला हात नव्हते. बाह्या होत्या, त्या रिकाम्या लोंबत होत्या. शेजारपाजारच्या बाया बघून तोंडाला पदर लावायच्या आणि घरी जायच्या. बाईंना वाटलं, आता सरांना कळेल. ओरडतील तरी.

सरांनी पाहिलं. आधी रंग उतरला. "शाली कापल्या? समद्या?" मग ते मागे सरले, डोळे बारीक केले, पुन्हा पुढे आले.

"पण विचार भारी हाय. हात न्हाईत, म्हंजे अहंकार न्हाई. मानसन्मानातून मोकळा झालेला कलावंत. बिलकुल बराबर. यावर मी बोलतो, मधोमध लावू हिला."

मित्रांनो, आमचा सूड त्यांनी उचलला आणि स्वतःच्याच अंगावर घेतला, आणखी एक शाल घ्यावी तसा! त्या रात्री भाकरी थापताना बाईंचे हात परातीवर जरा जास्तच जोरात पडत होते.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. गोधडी कडेने शिवायला घेतात आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपवतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाईंनी मधला हातभर तुकडा तसाच उघडा ठेवला. तिथे सोनेरी काठाच्या घड्यांवर घड्या आल्या होत्या, शिवायला सगळ्यांत अवघड जागा. मग त्या दीपमालाकडे गेल्या, कारण प्रदर्शनाचं सूत्रसंचालन ती करणार होती.

"शेवटचे टाके सर लोकांसमोर घालणार हायेत, असं सांग माईकवर."

दीपमाला हसली. मग हसायची थांबली. "ताई, हे बरं दिसेल का?"

"कामून? ज्याची गोधडी, त्यानं चार टाके घालायला काय झालं?"

तुम्ही लहान आहात, तेव्हा इथेच सांगून ठेवते, कारण पुढे मला उसंत मिळणार नाही. घरातली शाल अंगावर घ्या. तिची घडी मोडू द्या, ती कोणाला देण्यासाठी राखू नका. आणि एखादी वस्तू आवडली तर ती कोणाच्या हातची आहे ते विचारा. जो माणूस पुढे येऊन उत्तर देतो, त्याच्या मागे कोण उभं आहे तेही बघा.

प्रदर्शनाच्या दिवशी मला हॉलच्या मध्यभागी सतरंजीवर पसरलं. गर्दी गोल उभी राहिली. पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाई खुर्चीत बसल्या. दीपमालाने घोषणा केली तेव्हा तिचा आवाज जरा चिरकला. टाळ्या झाल्या. सरांनी दैवशालाबाईंकडे पाहिलं. त्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

सर माझ्यावर मांडी घालून बसले. गोजरमावशींनी ओवलेली सुई पुढे केली. गाठ मात्र मारलेली नव्हती. सरांनी सुई घातली, मी जमेल तेवढं अंग आवळलं, त्यांनी जोर लावला, टाका पार झाला आणि सगळा दोरा सुळकन बाहेर आला.

मला वाटलं, आता लोक हसतील. बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पंख्यावरची नजर काढली.

"बघा," पाहुण्या बाई हळूच म्हणाल्या, "टाका धरून ठेवला नाही. सोडून दिला."

टाळ्या. सरांना धीर आला. त्यांनी कशीबशी गाठ मारली आणि टाके घातले, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, एक अंगठाभर लांब. बोटातून रक्त आलं, ते माझ्या काठावर लागलं.

"काय अस्वस्थता आहे या टाक्यांत!" पाहुण्या म्हणाल्या. लोक फोटो काढायला पुढे झुकले. गोजरमावशी खाली बघत होत्या. दीपमाला माईक घेऊन उभी होती. सर घामाने भिजून हसत होते. मी एवढी कापली गेले, एवढी जोडली गेले, एवढं अंग आवळून धरलं, आणि माझ्याकडून काहीही बोललं गेलं नाही.

तेव्हा दैवशालाबाई चपला काढून माझ्यावर आल्या. सरांच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. सरांनी ती सोडली, पटकन सोडली.

"वाकडं झालंय," बाई म्हणाल्या. "उसवते."

"अहो, राहू द्या!" पाहुण्या खुर्चीतून पुढे झाल्या. "तेच तर सुंदर आहे. कलावंताचा हात आहे तो."

दीपमाला वाकली आणि माईक बाईंच्या तोंडाजवळ धरला. बाईंनी आधी सरांकडे पाहिलं. सर मान हलवत नव्हते, हो म्हणूनही नाही आणि नको म्हणूनही नाही. मग बाईंनी त्या सगळ्या लोकांकडे पाहिलं.

"कलावंताचा न्हाई. त्यान्ला शिवता येत न्हाई. कधीच येत नव्हतं. ही मी केलीय, अन् हिच्या आधीच्या समद्या बी मीच केल्यात. माझं नाव दैवशाला."