शिकलगाराची जीभ

साताऱ्यात किंवा सांगलीत बास्केटबॉलची स्पर्धा लागली, की संघ कुठले ते लोक नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "माइकवर हवालदार हाय का?"

हवालदार म्हणजे शमशेर शिकलगार, सुऱ्या-तलवारींना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातला. पलटणीच्या संघातून खेळला, गुडघा गेला, पेन्शन घेऊन साताऱ्याला परतला. एका स्पर्धेत ठरलेला निवेदक आलाच नाही, म्हणून कुणीतरी त्याच्या हातात माइक दिला. तो त्यानं पुन्हा सोडला नाही. खेळ त्याला पंचापेक्षा आधी दिसायचा. चेंडू कुणाकडं आहे, मोकळा कोण आहे, पास कुठं जाणार, सगळं एका दमात सांगायचा. पण माणसं त्यासाठी येत नव्हती. तो खेळाडूंची सालटी काढायचा, ते ऐकायला यायची.

एका जाड पोराला तो 'वाळूचा ट्रक' म्हणाला. "बाजूला सरा रं, रिव्हर्स घ्यायला लागलाय!" त्या पोराला गावात तेच नाव चिकटलं आणि पुढच्या मोसमात तो दिसला नाही. पाटणच्या एकाचे लागोपाठ फ्री थ्रो चुकले, तेव्हा शमशेर म्हणाला, "रिंग वर हाय गड्या, तू पोरगी बघायला आल्यागत खाली काय बघतोस?" लोक पोट धरून हसले. "शिकलगाराची जीभ हाय," म्हणायचे, "धार लावूनच घरातनं निघती."

बायको, समीना, एकदा म्हणाली, "आवं, कुणाची तरी लेकरं असत्यात ती."

"मैदानात उतरायचं तर कातडी जाड पायजे. फौजेत आमाला काय फुलं वाहत हुते?"

त्यांची एकुलती लेक अरिबा. लहानपणी ती बापाबरोबर प्रत्येक सामन्याला जायची आणि माइकच्या टेबलाखाली मांडी घालून बसायची. बापाच्या विनोदाला सगळ्यांत आधी तीच हसायची. पुढं ती स्वतः खेळायला लागली, तेही बापाच्या आवाजात आपलं नाव यावं म्हणून. साताऱ्याच्या मुलींच्या संघात तिची जागा पक्की झाली. चपळ होती, डोकं शांत होतं. सामने कुठं कुठं झाले, पण बाप माइकवर आणि लेक मैदानात, असा योग आला नव्हता.

तो सांगलीत आला, मुलींच्या अंतिम सामन्याला. सातारा विरुद्ध सांगली. संयोजक वीरधवल माने शमशेरच्या कानाशी वाकून म्हणाला, "हवालदार, पोरगी हाय म्हणून जीभ आखडू नका. पब्लिक तुमच्यासाठी आलंय."

पहिल्याच मिनिटाला अरिबानं दोघींच्या मधून घुसून बास्केट केला. शमशेर न राहवून ओरडला, "अरिबा शिकलगार! वा, माझ्या वाघिणी!"

गर्दीतून शिट्टी आली. "बाप बोलतोय, बाप!" मग दुसरा ओरडला, "हवालदार, माइक खाली ठेवा आन् लेकीला खेळवत बसा!" सांगलीची पोरं टाळ्या पिटायला लागली. "ला-ड-की! ला-ड-की!"

शमशेरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हसलं नव्हतं; हसवायचा तो. पुढच्या खेपेला अरिबाचा चेंडू निसटला, आणि त्यानं संधी सोडली नाही.

"गेला! जाणारच हुता. मंडळी, आतली गोष्ट सांगतो. ही पोरगी डावीकडं जायचीच न्हाई. डावा हात हिनं फक्त वेणी धरायला ठेवलाय!"

मैदान हसलं. पुन्हा आपल्या बाजूला आलेली गर्दी त्याला अंगावर ऊन यावं तशी जाणवली. तो थांबला नाही.

"लहानपणी पडली, डावं मनगट मोडलं. तवापासनं त्या हातात चेंडू गेला की डोळं मिटती. खोटं वाटत असंल तर डावीकडं ढकलून बघा!"

सांगलीच्या प्रशिक्षक संयोगिताबाईंनी लगेच टाइमआउट मागितला. त्यांना पोरींना जास्त काही सांगावं लागलं नाही. खेळ सुरू झाला तो अरिबाची उजवी बाजू बंद करूनच. चेंडू घेतला की समोरची पोरगी उजवीकडं आडवी उभी. अरिबा डावीकडं वळायची, चेंडू पायावर आपटायचा, रेषेबाहेर जायचा. आणि दर वेळी वरून बापाचा आवाज, "मिटलं डोळं! सांगितलं हुतं का न्हाई?" लोक आता चेंडू तिच्या हातात जायच्या आधीच हसायला लागले होते.

तिसऱ्या क्वार्टरला ती जागच्या जागी उभी राहिली आणि टेबलाकडं बघितलं. रागानं नाही. ऐकू येतंय ते खरंच तिकडून येतंय का, हे तपासल्यासारखं. मग तिनं स्वतःच बदली मागितली आणि बाकावर जाऊन टॉवेलात तोंड घातलं.

"दमली वाटतं वाघीण," शमशेर म्हणाला. तोही हशा त्याला मिळाला.

सातारा हरला. संयोगिताबाई जिंकूनही टेबलाशी आल्या ते तोंड वाकडं करून. "हवालदार, तुमच्या पोरीला आम्ही नाही हरवलं," एवढंच म्हणाल्या.

घरी अरिबा रडली नाही, भांडली नाही. बापाशी बोलणं तेवढं बंद झालं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि तो काही विचारायला लागला की आईकडं बघायची. शमशेर समीनाला म्हणाला, "खेळात असतंय असं. समजंल तिला." सामन्याचा व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरत होता, विट्यापासून थेट बंगळूरपर्यंत. लेकीलासुद्धा न सोडणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. सोलापूर, नगर, नाशिक, कुठून कुठून बोलावणी यायला लागली. त्यानं एकही नाकारलं नाही.

बारावी झाल्यावर अरिबानं सांगलीचं कॉलेज घेतलं. वसतिगृहात राहिली आणि संयोगिताबाईंकडं खेळायला लागली. सणाला आली तर आईजवळ बसायची आणि बाप मशिदीतून यायच्या आत एसटी धरायची.

पुढच्या वर्षी अंतिम सामना साताऱ्यात होता. पुन्हा तेच दोन संघ, आता अरिबा सांगलीकडून. सकाळी वीरधवल घरी आला, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "हवालदार, एक अडचण हाय. तुमच्या अरिबानं अट घातलीय. माइकवरनं तिचं नाव आलं तर ती जाग्यावर बसणार. नुसता नंबर घ्यायचा. सात."

"बाप हाय मी तिचा."

"ते तिला सांगा. तुमास्नी जमत नसंल तर प्रांजल तयार हाय. चांगला बोलतोय पोरगा."

समीना दारात उभी होती. शमशेर 'नको' म्हणेल म्हणून ती वाट बघत राहिली.

"जमंल," तो म्हणाला.

त्या दुपारी अरिबा असं खेळली, की शमशेरनं उभ्या जन्मात अशी पोरगी पाहिली नव्हती. "सात नंबर, चोरला चेंडू! सात नंबर, एकटीच पुढं!" त्याच्या जिभेवर नाव येऊन परत जात होतं. गर्दीला अटीचा वास लागायला कितीसा वेळ! "हवालदार, सात नंबर कुणाची रं?" एकजण ओरडला. हशा पिकला. "बापाचं नाव सांगा की!" मग सगळं मैदानच टाळ्यांच्या तालावर म्हणायला लागलं, "नाव सांगा! नाव सांगा!" त्याच्याकडूनच शिकलेली माणसं ती, एकदा रक्त दिसलं की सोडत नव्हती. त्यानं आवाज वाढवला. "सात नंबर, फ्री थ्रो. आत!"

सांगली जिंकली. बक्षिसाला एकेकीचं नाव पुकारून झालं आणि तिच्या पाळीला तो म्हणाला, "सात नंबर." लोक पुन्हा हसले. ती गेली, पदक घेतलं.

परतताना तिला टेबलाजवळूनच जावं लागलं. शमशेरनं माइक बंद केला.

"अरिबा," तो म्हणाला. "बेटी."

ती थांबली. बटणाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"माइक बंद हाय, अब्बा. आता कोण हसणार?"

बॅग खांद्याला लावून ती संघाच्या गाडीकडं गेली. समीना फाटकापाशी डबा घेऊन उभी होती. लेकीनं तिला मिठी मारली, डबा घेतला. दोघींनी मागं वळून पाहिलं नाही.

पुरुषांचा सामना उभा राहिला होता. वीरधवलनं टेबलावर बोटं वाजवली. "चला हवालदार, पब्लिक थांबलंय."

शमशेरनं माइक चालू केला. चेंडू उडाला आणि पहिल्याच धावेत विट्याचा एक उंच पोरगा घसरून पालथा पडला.

"उठ रं," शमशेर म्हणाला, "नमाजाला अजून वेळ हाय!"

सगळं मैदान हसलं.