रूपीची सिद्धता

“यात चूक कुठे आहे, तेवढंच दाखवा,” असं म्हणत जयवंतीबाईंनी रूपीची उत्तरपत्रिका पेपर तपासणाऱ्या सरांपुढे सरकवली.

सरांना डहाणूची एसटी गाठायची होती. “मधली रेषाच काढली नाही तिने. पुस्तकातली रचना नाही, म्हणून शून्य.”

नववीचा भूमितीचा पेपर होता, वर्ग जयवंतीबाईंचा. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे असतात, हे सिद्ध करायचं होतं. जयवंतीबाईंनी रूपीलाच बोलावून घेतलं.

“सांग गं सरांना.”

तळासरीजवळच्या त्या आश्रमशाळेत रूपी मोठ्यांसमोर सहसा तोंड उघडत नसे. तिने कागदाचा त्रिकोण कापला, टेबलावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, मग तो उलटा करून त्याच खुणेवर बसवला.

“ही बाजू तिच्या जागी गेली, ती हिच्या. खालची तीच. म्हंजे तो आपल्याशीच एकरूप झाला. मंग रेष कशाला पायजे?”

सरांनी घड्याळ पाहिलं. “बरोबर असेल. पण बोर्डात एवढं कोण बघणार? पाठ करायला लावा, मॅडम. या पोरींना तेवढंच झेपतं.”

जयवंतीबाईंची कानशिलं तापली. आशागडच्या शाळेत शिकताना त्यांनी स्वतः चाळीस सिद्धता घोकल्या होत्या. त्यातली एकही तेव्हा कळली नव्हती. कळल्या त्या शिकवायला लागल्यावर.

“झेपतं? तिने विचार केला, तुम्ही वाचलंसुद्धा नाही. शून्य नक्की कुणाला द्यायचं?”

“गुणांची यादी वर गेली,” असं म्हणून सरांनी बॅग उचलली.

बाईंनी उत्तरपत्रिकेवर लाल पेनने लिहिलं, ‘सिद्धता पूर्ण आणि बिनचूक’. खाली आपली सही केली. रूपीने ते दोनदा वाचलं.

“मार्क मिळतील का, बाई?”

“नाही.”

“तुम्ही रागावू नका. मी पुस्तकातलं पाठ करते.”

“पाठ करायचं नाही. का ते विचारायचं. गणित तेवढंच असतं.”

रूपीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर दोन्ही सिद्धता लिहिल्या. डावीकडे पुस्तकातली, उजवीकडे रूपीची, वर तिचं नाव. वर्ग माना खाली घालून उतरवून घेऊ लागला. बाई बाकांमधून फिरत रूपीपाशी थांबल्या.

तिने फक्त डावीकडची उतरवली होती, पट्टीने मधली रेष आखून.