ढेरपोटी अक्षरं

लुकितो घराबाहेर पाऊल न टाकता कमावतो, ही गोष्ट गल्लीने बरेच दिवस पचवली. त्याने नवी मोटरसायकल आणली तेव्हा मात्र तिचं अजीर्ण झालं. शेत नाही, दुकान नाही, नोकरी नाही. म्हणजे तुयुल पाळलेला. तुयुल हे टकलं, ढेरपोटं, उघडं पोरगं-भूत. मालकासाठी ते शेजाऱ्यांच्या पैशांवर हात मारतं. मगेलांग शहराच्या आसपास ज्याच्या पैशाचा उगम दिसत नाही, त्याच्या घरी ते असतंच. खेकडे दिसले की मात्र ते खेळत बसतं आणि चोरी विसरतं. म्हणून गल्लीप्रमुख सुकार्दीकाकांनी दाराशी जिवंत खेकड्यांची बादली ठेवली होती.

अडचण एवढीच, की लुकितोला त्याच दारात त्यांच्या मुलीला, निंग्रुमला, मागणी घालायची होती.

"धंदा काय?" काकांनी विचारलं.

"फॉन्ट काढतो, काका. अक्षरं. आधी हाताने काढायची, मग संगणकावरून विकायची."

"अक्षरं तर शाळेत फुकट मिळतात."

"ही गमतीदार असतात. परदेशात आइस्क्रीमच्या डब्यांवर लागतात. दाखवतो ना!"

आणि इथेच तो चुकला. पडद्यावर त्याची सगळी अक्षरं रांगेत उभी राहिली: टकली, ढेरपोटी, आखूड पायांची, दात काढून हसणारी.

काका दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी पायाने बादली मध्ये ढकलली. "पिलावळ आवर आणि घरी जा."

"अहो बाबा, तो डी आहे!" निंग्रुम आतून ओरडली.

"डी असो की टी असो, टक्कल आहे त्याला!"

तोड शेवटी निंग्रुमनेच काढली. गल्लीतून गाड्या दामटणाऱ्यांसाठी फलक हवाच होता. तो लुकितोने करावा. गाड्या हळू झाल्या तर धंदा खरा, नाही तर लग्नाचं नाव नाही. काकांनी मान्य केलं, पण मजकूर स्वतः दिला: 'गाडी दामटाल तर थोबाड फुटेल.' "वाचून माणूस टरकला पाहिजे," ते म्हणाले.

लुकितोने अक्षरांना रागावलेल्या भुवया काढून पाहिल्या. ती खाऊ न मिळालेल्या पोरांसारखी दिसू लागली. शेवटी फलक तसाच लागला आणि काका हाताची घडी घालून समोरच्या बाकावर बसले.

पहिला मोटरसायकलवाला सुसाट आला, वाचलं, करकचून ब्रेक लावला आणि खो खो हसला. मग त्याने गाडी बाजूला लावून 'थोबाड'ला खेटून फोटो काढला. दुसरा आला, तो बायकोला घेऊन. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या वस्तीतले लोक चालत येऊ लागले.

"टरकला तर एकही नाही," काका म्हणाले.

"नाही, काका." लुकितोने आशा सोडली होती.

"पण थांबले सगळे. माझ्या शिट्टीला कुत्रं थांबत नाही. नुसत्या अक्षरांनी हे होत नसतं, बाळा. तुझ्याकडे तुयुल आहेच."

"काका, शप्पथ सांगतो—"

"शपथा नकोत. वळण चांगलं लावलंयस त्याला. रविवारी आईवडिलांना घेऊन जेवायला ये."

रविवारी दाराशी बादली पालथी होती आणि खेकडे रश्श्यात होते. काकांनी लुकितोला वाढलं, मग त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे केळीच्या पानाचा एक छोटा तुकडा मांडला.

"तो जेवेल ना?"

लुकितोने निंग्रुमकडे पाहिलं. तिने नजर जमिनीला लावली होती.

"जेवेल की," तो म्हणाला. "फक्त त्याला तिखट कमी वाढा."